लिस्प, इमॅक्स आणि मधलं दार

संगणकाचा इतिहास म्हटला की आपण यंत्रांचा इतिहास लिहितो. कुठलं यंत्र कधी आलं, किती मोठं होतं, किती वेगानं चालायचं, वगैरे. त्या यंत्रापुढे बसून माणसं रोजचं काम कसं करत, हे सहसा कुणी लिहीत नाही. आज मला अशाच एका कामाच्या रीतीबद्दल लिहायचं आहे. प्रोग्रॅम लिहायचं पान आणि तो प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा यांनी एकमेकांशी सतत बोलत राहायचं, एवढीच ती रीत. लिस्प नावाच्या भाषेत ती रुजली. ज्या यंत्रांवर ती भरात होती ती यंत्रं पुढे बुडाली. पण रीत बुडाली नाही, कारण काही मोजक्या लोकांनी ती दुसऱ्या घरात नेऊन पुन्हा मांडली.

आधी दोन शब्दांचा खुलासा करतो. एडिटर म्हणजे इथं वर्तमानपत्राचा संपादक नव्हे. ज्या सॉफ्टवेअरमध्ये आपण साधा मजकूर लिहितो, खोडतो, इकडचा तिकडे करतो, ते सॉफ्टवेअर म्हणजे एडिटर. प्रोग्रॅमर आपला प्रोग्रॅम त्यातच लिहितो. दुसरा शब्द लिस्प. ही प्रोग्रॅम लिहायची भाषा, आणि आजही वापरात असलेल्या भाषांपैकी सर्वांत जुन्या भाषांत तिची गणना होते.

बहुतेक भाषांमध्ये पूर्वापार काम असं चाललं: एडिटरमध्ये मजकूर लिहायचा, फाइल साठवायची, ती कंपायलरच्या हवाली करायची आणि त्यानं दाखवलेल्या चुका घेऊन परत यायचं. छापखान्यात मजकूर पाठवून प्रुफांची वाट बघत बसावं, तसलाच प्रकार. एक काना चुकला तरी पुन्हा सगळी फेरी. लिस्पवाल्यांना ही फेरी पसंत नव्हती. त्यांचा प्रोग्रॅम चालू असायचा, आणि तो चालू असतानाच ते त्यातला एखादा तुकडा काढून नवा बसवायचे.

हे शक्य का झालं ते समजायला थोडं मागं जायला हवं. जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९५८ साली लिस्पचं काम सुरू केलं. १९६० साली त्यांचा या भाषेवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात 'इव्हॅल' नावाचं एक फंक्शन होतं. लिस्पमधलं कुठलंही वाक्य त्याच्या हाती दिलं की ते त्याची किंमत काढून देतं, आणि ते स्वतःही लिस्पमध्येच मांडलेलं. मॅकार्थींच्या लेखी ते कागदावरचं गणित होतं. त्यांच्या गटातल्या स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या यंत्रावर प्रत्यक्ष उतरवलं आणि कागदावरची भाषा चालू लागली.

लिस्पचं वाक्य म्हणजे कंसात घातलेली यादी. कंस उघडायचा, अधिकचं चिन्ह, मग दोन, मग तीन, कंस बंद. उत्तर येतं पाच. माहिती लिहायची तीही अशीच कंसातली यादी, आणि प्रोग्रॅम लिहायचा तोही अशाच याद्यांचा. दोघांची लिखावट एकच. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचं फार काम पडणार आहे.

सुरुवातीला छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे यंत्राकडे द्यावे लागत आणि उत्तर नंतर केव्हातरी मिळे. मग पीडीपी-१ नावाचं लहान यंत्र आलं. विशीही न गाठलेल्या पीटर डॉइच यांनी त्या यंत्रासाठी लिस्प तयार केली; तिचा अहवाल १९६४ चा आहे. इथं माणूस टंकयंत्रापुढे बसून एक वाक्य लिही, लिस्प ते वाची, किंमत काढी, छापी आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसे. वाचणं, किंमत काढणं, छापणं, पुन्हा वाचणं. हे रहाटगाडगं तेव्हापासून आजवर थांबलेलं नाही.

पण बोलणं आणि लिहिणं यांत फरक असतो. तोंडी बोलण्यातून मोठा ग्रंथ उभा राहत नाही. मोठा प्रोग्रॅम जपून ठेवायला, पुन्हा वाचायला, दुरुस्त करायला कुठेतरी लेखी स्वरूपात असावाच लागतो. तो कुठं असावा यावर १९७० च्या दशकात लिस्पवाल्यांमध्ये दोन पंथ झाले. इंटरलिस्पवाल्यांचं म्हणणं असं, की प्रोग्रॅम लिस्पच्या पोटातच राहावा आणि एडिटरही तिथंच असावा. फाइल ही केवळ साठवणीपुरती. एमआयटीकडच्या मंडळींचं म्हणणं उलट. खरा प्रोग्रॅम म्हणजे फाइलमधला मजकूर, त्याच्या टीपा, त्याची मांडणी. लिस्पनं तो तिथून उचलावा. एरिक सँडवॉल यांनी १९७८ साली एका दीर्घ लेखात या दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. त्यांनी पहिलीला 'निवासी' पद्धत म्हटलं आणि दुसरीला 'फाइलची'.

एमआयटीच्या पंथाला चांगला एडिटर लागणार हे उघड होतं. तो १९७६ साली तयार झाला. तिथल्या प्रयोगशाळेत टेको नावाचा जुना एडिटर होता आणि त्यावर प्रत्येकानं आपापले शॉर्टकट रचून ठेवले होते. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ते गोळा करून त्यांची एकसंध व्यवस्था लावली. तिचं नाव इमॅक्स. यात फेरफार करण्याची मुभा वापरणाऱ्यालाच होती, हा त्याचा खरा गुण. या इमॅक्सला लवकरच लीएडिट नावाची एक जोड मिळाली. एडिटरमध्ये काही फंक्शनांवर खूण करायची, एक कळ दाबायची, की तेवढाच मजकूर शेजारी थांबलेल्या मॅकलिस्पकडे जाई. एडिटर आणि लिस्प यांच्यात टाकलेला हा अगदी पहिल्या साकवांपैकी एक.

नंतर साकवाची गरजच संपली. कारण मधला ओहोळच बुजवला गेला.

रिचर्ड ग्रीनब्लॅट, टॉम नाइट आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७० च्या दशकात खास लिस्पसाठी यंत्र बांधलं. त्याला लिस्प मशीनच म्हणत. डॅन वाइनरेब यांनी या यंत्रासाठी लिस्पमध्येच एडिटर लिहिला आणि त्याला नाव दिलं 'आइने'. जर्मनमध्ये आइने म्हणजे एक, आणि ते 'आइने इज नॉट इमॅक्स' याचं लघुरूपही. त्याच्या पुढच्या अवताराचं नाव अर्थातच 'त्स्वाय', म्हणजे दोन. त्यातूनच झीमॅक्स आला. याच सुमारास, १९७८ साली, बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या व्यवस्थेवर मॅकलिस्पमध्ये वेगळा इमॅक्स लिहिला आणि एडिटर वाढवत न्यायला लिस्प किती सोयीची आहे ते सिद्ध केलं.

लिस्प मशीनमध्ये एडिटर, कंपायलर, खिडक्या, तुमचा प्रोग्रॅम हे सगळं एकाच स्मृतीत, एकाच भाषेत नांदायचं. कोण कोणाला निरोप पाठवणार? सगळे एकाच माजघरात बसलेले. कुठल्याही फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवला की त्याची व्याख्या पुढ्यात. एखादी चूक झाली तर प्रोग्रॅम मरून पडत नसे. तो थांबे, काय बिघडलं ते सांगे, पुढं काय करता येईल त्याचे पर्याय मांडे आणि उत्तराची वाट बघे.

या यंत्रांच्या दोन कंपन्या निघाल्या: १९७९ साली एलएमआय आणि १९८० साली सिम्बॉलिक्स. आज आपण पत्त्यांमध्ये सर्रास जे डॉट कॉम लिहितो, त्यातलं पहिलं नोंदलं गेलेलं नाव सिम्बॉलिक्सचं, १५ मार्च १९८५ चं. पण प्रयोगशाळेतली बरीच माणसं सिम्बॉलिक्समध्ये गेली आणि जुनी मंडळी पांगली. स्टॉलमन यांना हे फार लागलं. एकेकाळी सगळ्यांचं असलेलं सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कुलपात गेलं होतं. त्यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली. त्यात सुरुवातीलाच हाती घेतलेल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे इमॅक्स पुन्हा लिहिणं, आणि १९८५ साली तो लोकांच्या हाती आला. या नव्या इमॅक्सच्या पोटात त्यांनी एक लहानशी लिस्प ठेवली.

दोनच वर्षांनी, १९८७ च्या सुमाराला, लिस्प मशीनचा बाजार कोसळला. साधे, स्वस्त युनिक्स संगणक वेगवान झाले होते. महागडं खास यंत्र कोण घेणार? १९९३ साली सिम्बॉलिक्सनं दिवाळखोरी जाहीर केली. ते माजघर गेलं आणि तिथं बसलेली मंडळी वेगवेगळ्या घरांत विखुरली.

आता परिस्थिती अशी होती. एका बाजूला इमॅक्स, त्याच्या पोटात स्वतःची इमॅक्स लिस्प. दुसऱ्या बाजूला कॉमन लिस्प, जिची पहिली व्याख्या गाय स्टील यांच्या १९८४ च्या पुस्तकात आली आणि जी १९९४ साली अमेरिकन मानक झाली. दोघी चुलत बहिणी, एक नव्हेत. युनिक्सवर दोघी वेगवेगळ्या प्रक्रिया म्हणून चालायच्या आणि मध्ये भिंत.

या भिंतीवर पहिला उपाय झाला तो असा. इमॅक्सनं लिस्पला आपल्या हाताखाली चालू करायचं आणि माणसानं टंकावं तसा मजकूर तिच्या तोंडात घालायचा. ती जे छापेल ते वाचून अर्थ लावायचा. या व्यवस्थेचं नाव 'इन्फिरिअर लिस्प'. इन्फिरिअर म्हणजे हाताखालची, कनिष्ठ. त्यात तुच्छता नाही, संगणकाच्या परिभाषेतला तो जुना शब्द आहे. ओलिन शिव्हर्स यांनी १९८८ साली अशा संभाषणांचा सामाईक पाया रचला. त्यावर ख्रिस मॅकॉनेल यांनी आयलिस्प उभारली. पुढची कित्येक वर्षं असंख्य लोकांचा संसार आयलिस्पवर चालला, हे कृतज्ञतेनं सांगायला हवं.

पण या उपायात एक मूळची खोट होती. निरोप आणि गप्पा एकाच वाटेनं जायच्या. समजा तुमचा प्रोग्रॅम पडद्यावर काही छापतो आहे आणि त्याच क्षणी इमॅक्सला लिस्पकडून एका फंक्शनची माहिती हवी आहे. दोन्ही उत्तरं एकाच नळातून येणार. इमॅक्सनं कुठलं कुठलं हे अक्षरांच्या खुणांवरून ओळखायचं. शिवाय प्रत्येक लिस्पची छापायची तऱ्हा निराळी. भिंतीला कान लावून शेजारच्या घरातलं बोलणं समजून घेण्यासारखंच ते.

या दिवसांतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नासाचं डीप स्पेस १ हे यान ऑक्टोबर १९९८ मध्ये सुटलं. मे १९९९ मध्ये त्याचा काही काळ ताबा रिमोट एजंट नावाच्या, लिस्पमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमकडे दिला होता. पृथ्वीवरच्या सगळ्या चाचण्यांतून निसटलेली एक चूक तिथं, अवकाशात, डोकं वर काढून उभी राहिली. प्रकल्पावर काम केलेले रॉन गॅरेट यांनी नंतर लिहिलं आहे की, ती शोधून दुरुस्त करताना यानावर चालू असलेल्या लिस्पशी बोलता येत होतं ही गोष्ट मोलाची ठरली. कोट्यवधी किलोमीटर दूरचा चालता प्रोग्रॅम, आणि त्याला विचारता येतं की बाबा, तू कुठं अडकलास? लिस्प मशीन बाजारातून गेल्यावरही ही रीत का टिकवावी, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

१९७० च्या दशकात जे सहज होतं ते साध्या संगणकावर पुन्हा मिळालं २००३ साली. एरिक मार्सडेन यांनी स्लिम नावाचा एक लहान प्रोग्रॅम लिहिला होता. लूक गोरी आणि हेल्मुट एलर यांनी तो घेऊन त्यातून स्लाइम उभी केली. गोरी यांनी त्याआधीच अर्लांग या भाषेसाठी डिस्टेल नावाची व्यवस्था लिहिली होती. तीत इमॅक्स अर्लांगच्या जाळ्यातला एक सभासद बनून इतरांशी निरोपानं बोले. भिंतीला कान लावण्याची गरज नाही, हे त्यांनी तिथंच ओळखलेलं दिसतं.

स्लाइम हे 'सुपीरिअर लिस्प इंटरॅक्शन मोड फॉर इमॅक्स' याचं लघुरूप. इतकी वर्षं इन्फिरिअर, आता सुपीरिअर! थट्टा आहे खरी, पण त्यात बदलाचं मर्मही आहे. स्लाइमचे दोन भाग. एक इमॅक्समध्ये, इमॅक्स लिस्पमध्ये लिहिलेला. दुसरा स्वँक, तो कॉमन लिस्पच्या आत बसतो. स्वँक सहसा ४००५ क्रमांकाच्या पोर्टवर दार उघडून ऐकत असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या बाल्कांवात बसून रस्त्यावरच्या माणसाशी बोलावं, तसं. आत काय चाललंय त्याचा गोंगाट वेगळा, दारातलं बोलणं वेगळं.

आणि निरोपाची भाषा कुठली? इथं ती एकाच लिखावटीची गोष्ट कामाला आली. आधी निरोपाची लांबी सांगणारे सहा अंक, मग कंसातली यादी. बस. दोन्ही लिस्प कंसातली यादी जन्मापासून वाचतात, त्यामुळे तिसरी भाषा शोधावी लागली नाही. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो आणि उत्तर तोच क्रमांक घेऊन येतं, म्हणून गोंधळ होत नाही. वेगवेगळ्या लिस्पच्या तऱ्हा सांभाळायचं कामही स्वँककडे. इमॅक्सच्या बाजूला त्याची गंधवार्ता नसते.

याचा रोजच्या कामातला परिणाम सांगतो. फंक्शनचं नाव लिहून मोकळी जागा सोडली की त्याला काय काय द्यावं लागतं ते खालच्या ओळीत उमटतं. एवढ्यात निरोप जाऊन उत्तर आलेलं असतं. कंट्रोल आणि सी दोनदा दाबलं की कर्सरखालचं तेवढंच फंक्शन चालत्या प्रोग्रॅममध्ये नव्यानं बसतं. चूक झाली तर एक खिडकी उघडते. तीत कुठं अडलं आणि पुढं काय करता येईल त्याचे पर्याय असतात. प्रोग्रॅम तसाच थांबलेला ठेवून आपण फंक्शन दुरुस्त करायचं आणि 'पुन्हा कर' म्हणायचं. जुन्या माजघरातलं बोलणं, आता दोन घरांत. शिवाय दार जाळ्यावर उघडत असल्यामुळे इमॅक्स घरी आणि लिस्प दूरच्या संगणकावर असंही चालतं. अर्थात दारातून बोलणारा आत वाटेल ते करू शकतो, म्हणून स्वँक आपणहून फक्त त्याच संगणकावरच्या हाका ऐकतो. बाहेरच्यासाठी सुरक्षित बोगदा लागतो.

आता या दाराची एक गोष्ट, जी आपल्या वाचकांना विशेष कळेल. स्लाइमच्या सुरुवातीच्या वर्षांत निरोप लॅटिन-१ या अक्षरसंचात जात. त्यात अक्षरांच्या जागा २५६. पश्चिम युरोपच्या भाषांची सोय त्यात होती. म्हणजे पोर्तुगीज शब्दांतली डोक्यावर लाट घेतलेली ए आणि खाली शेपूट असलेली सी ही अक्षरं दारातून बिनबोभाट आत जायची. पण त्याच प्रोग्रॅममध्ये कुणी देवनागरीत 'पणजी' लिहिलं, तर हा मजकूर या संचात बसत नाही, असं सांगून इमॅक्स तो निरोप पाठवायलाच नकार द्यायचा. इमॅक्सला देवनागरी दिसत होती. पलीकडच्या अनेक लिस्पनाही ती कळत होती. अडायचं ते फक्त दारात. एक ओळ लिहून दाराचा संच यूटीएफ-८ केला की काम भागे, पण ती ओळ माहीत असावी लागे. पुढे यूटीएफ-८ हाच स्लाइमचा मूळ संच झाला आणि ही अडचण मिटली. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. ज्यांनी दार केलं त्यांच्या डोळ्यांपुढे जी अक्षरं होती त्यांच्या मापाचं ते झालं. इतिहासात पुष्कळ दारं अशीच झालेली असतात.

स्लाइमची गोष्ट लिस्पपुरती राहिली नाही. क्लोजर या नव्या लिस्पसाठीही स्वँकचा अवतार निघाला. २०१६ साली मायक्रोसॉफ्टनं एडिटर आणि भाषा यांनी निरोपानं बोलायचा एक सर्वसाधारण करार जाहीर केला. तो लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. भाषेची जाण एका प्रक्रियेत, लिहिणं दुसरीत, मध्ये क्रमांक घातलेले निरोप. एक फरक मात्र मोठा आहे. तिथला सर्व्हर सहसा फाइलमधला मजकूर वाचून उत्तर देतो. स्वँक प्रत्यक्ष चालत्या प्रोग्रॅमला विचारून देतो.

या कराराशी इमॅक्सला जोडणारा एग्लॉट २०२३ सालच्या इमॅक्स २९ मध्ये अंगभूत झाला. त्याचे कर्ते जुआंव ताव्होरा. स्लाइमपासून फुटून निघालेला स्लाय हा प्रकल्पही त्यांचाच. हे आडनाव गोव्याच्या इतिहासात आपण वाचलेलं आहे. १६८३ साली संभाजी महाराजांच्या ताब्यातल्या फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घालून हात हलवत परतलेला विजरई कोंद द आल्व्होर, त्याचं नाव फ्रान्सिस्को द ताव्होरा. आडनावापलीकडे दोघांचं काही नातं आहे असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी हे नाव वाचताना आधी वेढा न आठवता दार आठवेल, एवढं खरं.

असो. सिम्बॉलिक्सची यंत्रं आता संग्रहालयांत आणि काही हौशी लोकांच्या घरांत आहेत. ती कुणी बघायला गेलं तर जरूर बघावीत. पण त्यांच्यापुढे बसून माणसं कशी काम करत हे बघायला तिथं जावं लागत नाही. इमॅक्स उघडावा, स्लाइम सुरू करावी आणि एक वाक्य लिहावं. ते देवनागरीत असलं तरी आता चालतं.